पिढ्या मोठ्यानं म्हणू नयेत

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तालिता ऑकलंडहून आली, त्याच्या आधीच गावभर झालं होतं की ती डॉक्टर होणार आहे. दुसऱ्याच सकाळी तीन बायका आपापले गुडघे घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी त्यांना सांगितलं, बायांनो, ही गुडघ्यांची डॉक्टर नाही. धर्म, राजकारण, घराणी, माणूस स्वतःला कोण समजतो, असल्या गोष्टींची डॉक्टर आहे. त्यातली एक म्हणाली, मग त्यावर ही औषध काय देणार? तालिता पोट धरून हसली. मला मात्र त्या बाईचं म्हणणं पटलं होतं.

बेटावरच्या आमच्या वाइफांगात गावकीनं मानलेलं चर्च एकच. तिथे पुढच्या बाकावर जे बसतात, तेच गावकीच्या बैठकीत खांबाला टेकून बसतात. गावकी सांगेल तिथे प्रार्थना करायची, गावकी सांगेल त्याला मत द्यायचं, आणि गावकीत खांब कोणाला मिळणार ते घराण्याच्या नावावरून ठरायचं. एवढं मी तिला कोको उकळेपर्यंत सांगून मोकळी झाले असते. पण तिच्या विद्यापीठाला तेच चार वर्षं घालवून हवं होतं, आणि सोबत पुरावेही हवे होते. शिकलेल्या लोकांची हौस वेगळी असते.

पोरीला वळण चांगलं होतं, हे मी मान्य करते. कोणाच्या घरी गेली की वाकून आत शिरायची, म्हाताऱ्या माणसापेक्षा डोकं खाली ठेवून बसायची, पाय पसरायची नाही. जाताना ऑकलंडहून आणलेले मटणाचे बंद डबे न्यायची. त्यामुळे लोक बोलते झाले. कोण नव्या चर्चमध्ये गेलं, का गेलं, गेल्यावर भावांनी बोलणं टाकलं का, हे तिला विचारायचं होतं. पण आमच्या गावात कुठलाही प्रश्न विचारा, दोन वाक्यांत माणूस आपल्या पणजोबापर्यंत जाऊन पोचतो. अशा रीतीनं घराघरातल्या पिढ्या तिच्या कानावर पडायला लागल्या.

मी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. आमच्याकडे प्रत्येक घराणं आपल्या पिढ्या आपल्यापाशी ठेवतं. आजी नातीला सांगते, तेही जेवणं आटपल्यावर, आवाज उतरवून. दुसऱ्याच्या पिढ्या चारचौघांत म्हणणं म्हणजे त्याच्या अंगणात जाऊन त्याच्या बापाचं थडगं उकरण्यासारखं आहे. यावरून कोयते निघालेले मी लहानपणी बघितले आहेत. तालिता म्हणाली, मावशी, मला माहीत आहे. पुस्तकात कोणाचंही नाव येणार नाही, तसं लिहून दिलंय मी. तिनं लिहून कोणाला दिलं होतं, तर विद्यापीठाला.

मग ती फेतू आजीकडे गेली. फेतू आजी केळींच्या पलीकडे, गावाच्या अगदी टोकाला राहायची. तिचा मुलगा आणि सून नव्या चर्चचे झाले होते. शनिवारी निळ्या ताडपत्रीखाली डफ वाजवून प्रार्थना करायचे. गावकीनं त्यांना दोनदा डुकरांचा दंड ठोठावला होता, तरी ते ऐकत नव्हते. फेतू आजी स्वतः कुठल्याच चर्चमध्ये जायची नाही. म्हणायची, देवाला माझं घर माहीत आहे, त्यानं यावं. तिची नातवंडं मात्र नव्या पाद्रीचं ऐकून घराणी, त्यांची नावं, सगळं सैतानाचं म्हणायला शिकली होती. त्यामुळे तिच्या पोटातलं ऐकायला घरात कोणी उरलं नव्हतं. ते तिनं तालिताला दिलं. अट एकच घातली, की फोन बंद करायचा आणि ऐकायचं ते कानानं.

त्या दिवशी तालिता आली आणि जेवली नाही. मी नीरफणस भाजला होता, नारळाच्या दुधातली अळूची पानं होती, तिच्या आवडीची. ती ताटाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, इथे प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे. सगळे तुकडे एकत्र फक्त माझ्याकडे आलेत." मी म्हटलं, मग ते आहेत तसे विमानात बसव आणि घेऊन जा. मी गमतीनं म्हटलं खरं, आणि तिचं ताट झाकून ठेवलं.

आता माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या घराण्याचं नाव लाउतोआ. ते ज्याला मिळतं त्याला आम्ही मताई म्हणतो, आणि मग गावकीत घराण्याच्या वतीनं तोच बोलतो. नाव मिळाल्यापासून भावाला जुन्या नावानं कोणी हाक मारत नाही. मीसुद्धा लाउतोआच म्हणते, फक्त कधी कधी तोंड वाकडं करून म्हणते. त्याला आमदार व्हायचं होतं. त्यासाठी त्यानं पांढरा शर्ट शिवून ठेवला होता आणि आरशासमोर भाषणं करायचा. मध्ये एकच अडचण होती, आमच्या गावचा सर्वांत मोठा मताई तुइमोआ. त्याला आपला मुलगा उभा करायचा होता, आणि तुइमोआ म्हणेल तिथे सगळं वाइफांगा मत देणार हे ठरलेलं होतं.

तालितानं आपले तुकडे लाउतोआसमोर मांडले. तिला खातरी करून घ्यायची होती की जुळवलेलं बरोबर आहे. तिच्या लेखी घरातल्या घरात, मामाला विचारणं म्हणजे चारचौघांत बोलणं नव्हतं. ऑकलंडमध्ये मामा हा फक्त मामा असतो. इथे मताईच्या कानात जे शिरतं ते गावकीच्या तोंडापर्यंत जाऊ शकतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं. मोठ्या साथीच्या वर्षी ऑकलंडहून बोट आली आणि तिच्याबरोबर ताप आला. गावात पुरायला माणसं उरली नाहीत. तुइमोआच्या घरातले सगळे पुरुष गेले, मागे राहिली एक लहान मुलगी. बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून एक अनाथ मुलगा कोणीतरी होडीत घालून आणला, तो त्या घरात वाढला. मोठा झाल्यावर नाव द्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तुइमोआ हे नाव त्याला दिलं. त्या मुलीच्या नावे केळींपलीकडचा जमिनीचा एक तुकडा करून तिला मात्र एका गरिबाच्या घरी देऊन टाकलं. आजचा तुइमोआ त्या होडीतल्या मुलाचा नातू. आणि फेतू आजी त्या मुलीची लेक.

लाउतोआनं चूळ भरली, हात पुसले. मग म्हणाला, "परत एकदा सांग, बाळा. नावं सावकाश घे."

तिनं परत सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळेला मी बघितलं, त्याचे ओठ हलत होते. चर्चमध्ये नवं गाणं पाठ करताना हलतात तसे. मी म्हटलं, "अरे, तुला कशाला हवंय हे?" तो म्हणाला, "ताई, भाचीचा अभ्यास समजून घेतोय." आणि आरशासमोर जाऊन उभा राहिला.

सोमवारी गावकी बसली. बायकांना तिथे जागा नसते, पण गावकीच्या घराला भिंतीही नसतात. आम्ही समोरच्या घरात चटया विणत बसलो होतो. आमचं मुळ्या कुटून केलेलं पेय, कावा, वाटून झालं, नमस्कार-चमत्कार झाले. तुइमोआनं दोन गोष्टी मांडल्या. एक म्हणजे गावाची सगळी मतं त्याच्या मुलाला. दुसरी, फेतू आजीच्या घरानं ताडपत्री उतरवायची, नाहीतर गाव सोडायचं. लाउतोआ म्हणाला, मतांचा विचार अजून व्हायचा आहे. तुइमोआ हसला. लाउतोआच्या घरी ऑकलंडचे डबे आल्यापासून त्यांना विचार सुचायला लागले आहेत, असं तो म्हणाला. सगळे मताई हसले. माझ्या शेजारची बाईसुद्धा हसली, मग माझ्याकडे बघून खाली बघायला लागली.

लाउतोआ उठला. माझ्या हातातली पात तशीच राहिली. तो अगदी शांतपणे म्हणाला, होडीतून आलेल्या माणसानं दुसऱ्याला गावाबाहेर काढायची भाषा करू नये. आणि मग त्यानं त्या पिढ्या म्हटल्या. नावं सावकाश घेतली. एकही चुकलं नाही.

कोणी ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. कोणीच ओरडलं नाही. तुइमोआनं आपल्या समोरची काव्याची वाटी पालथी घातली आणि उठून गेला. एकामागून एक सगळे उठले. लाउतोआ रिकाम्या घरात एकटा उभा राहिला, त्या पांढऱ्या शर्टात. मला त्याचा इतका संताप आला की तिथेच चटई टाकून मी घरी निघाले. तालिता वाटेत भेटली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रस्त्यातच खाली बसली.

दुपारी गावकीचा माणूस निरोप घेऊन आला. लाउतोआ घराण्यानं रविवारच्या आत गाव सोडायचं. म्हाताऱ्या, पोरं, सगळे. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, दुकानानं त्यांना काही विकायचं नाही. निरोप्या आमच्याच आत्याचा नातू होता. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. संध्याकाळी गावातले तरुण आले आणि आमची डुकरं मारली. मजा म्हणून मारली नाहीत, शिवीही दिली नाही, काम सांगितल्यासारखं काम केलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी नारळाच्या रोपांचे शेंडे तोडले. तिसऱ्या दिवशी आमच्या आईबापांच्या थडग्यांवर कोणीतरी पेट्रोलचा रिकामा डबा ठेवून गेलं. पेट्रोल कुठे आहे, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला नाही.

तालिताची आई ऑकलंडहून फोन करून रडत होती. पोरीला परत पाठवा म्हणत होती. तालिता जायला तयार नव्हती. घर आपल्यामुळे जातंय आणि आपण विमानात कसं बसायचं, असं म्हणायची. लाउतोआ दोन दिवस कोपऱ्यात बसून होता. आमदारकी अंगातून उतरली होती. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, आता एकच उपाय आहे, इफोंगा, म्हणजे चटईखाली बसून माफी मागायची. पेटी उघडली आणि आईनं विणलेली बारीक विणीची चटई काढली. ती विणताना आईचे डोळे गेले होते. आमच्या घरात त्याहून मोलाचं काही नाही.

शनिवारी पहाटे, उजाडायच्या आधी, आम्ही सगळे तुइमोआच्या अंगणात जाऊन बसलो. पुढे लाउतोआ, डोक्यावरून चटई पांघरून, वाकून. मागे आम्ही माना खाली घालून. पुढ्यात जळण, दगड आणि केळीची पानं ठेवली होती. आम्हाला भाजून खायचं असेल तर हे घ्या, असा त्याचा अर्थ. ज्याचा अपमान झाला त्यानं येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर त्याच्या घरातल्या तरुणांनी कोयता आणला तरी हलायचं नसतं. तालितानं मामाच्या शेजारी चटईखाली बसायचा हट्ट धरला. शब्द माझे होते, म्हणाली. मी तिला ओढलं, पण ती आधीच आत शिरली होती.

ऊन चढलं. तुइमोआची माणसं ओट्यावर बसून चहा प्यायली. कोणीतरी दगड मारला, तो चटईवर पडून घरंगळला. गाव हळूहळू रस्त्यावर जमा झालं. माझे पाय बधिर झाले होते आणि मी देवाला काय म्हणत होते ते मला आठवत नाही.

शेवटी तुइमोआ आला. म्हातारा, जाडजूड, उघड्या अंगाचा. चटईपाशी उभा राहिला, तिच्या कडेला हात लावला, पण उचलली नाही. तसाच वाकून बोलला. आवाज मोठा नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू जात होता.

"आत ती शिकलेली पोरगी आहे ना?"

"आहे," तालिता आतून म्हणाली.

"तुझ्या मामाला मी माफ करीन. तो गाढव आहे, गाढवावर राग धरून काय करायचं? पण तू पुस्तक लिहिणार. तुझं पुस्तक माझ्यामागं राहणार. तेव्हा आत्ता, गावासमोर, ती साथीच्या वर्षाची गोष्ट नीट सांग. घरात उरला तो मुलगा. होडीतून आली ती मुलगी. असंच आहे ना?"

मला सगळं लक्षात यायला एक क्षण लागला. त्यानं काहीच पुसलं नव्हतं. फक्त मुलाला मुलीच्या जागी बसवलं होतं आणि मुलीला मुलाच्या. मनातल्या मनात मी म्हटलं, नको, पोरी, नको म्हणू. आणि त्याच वेळी माझ्या मांडीवर माझी नात झोपली होती, आणि तिला उद्या कुठे झोपवायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून माझ्याच्यानं तोंड उघडवेना.

चटईखाली लाउतोआचे खांदे हलत होते. तुइमोआचे भाचे ओट्यावरून खाली उतरले.

मग तालिता बोलली. स्पष्ट, एकेक नाव सावकाश घेत. मुलगा घरातला. मुलगी होडीतली, कुठून आली माहीत नाही, कोणाची माहीत नाही.

"पुस्तकातही असंच?"

"असंच."

तुइमोआनं चटई उचलली. लाउतोआला उठवलं, मिठी मारली, दोघंही रडले. आमच्याकडे रडणं खरंच असतं, ते नाटक नसतं. तालिताला त्यानं स्वतःच्या शेजारी बसवलं, तिच्यापुढे भाजलेलं डुक्कर ठेवलं, तिला लेक म्हणाला. गाव आनंदानं बोलायला लागलं. ज्या बाईनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं ती येऊन माझ्या गळ्यात पडली. मी तिला मिठी मारली. घर वाचलं होतं आणि मला हसावंसं वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू?

दुपारी गावकीनं उरलेलं काम केलं. फेतू आजीच्या आईचं मूळच जर गावातलं नाही, तर केळींपलीकडची जमीन त्यांची कशी, असा प्रश्न निघाला. उत्तर कोणाला शोधावं लागलं नाही. सोमवारपर्यंत त्यांनी निघायचं ठरलं. निघताना मदतीला गावातले तरुण देऊ, असं तुइमोआ म्हणाला. आमच्याही घरातले दोघे त्यात होते.

संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली. त्या वेळी आमच्या गावात कोणी रस्त्यावर चालत नाही. तरुण रस्त्याच्या कडेनं ओळीनं उभे राहतात आणि कोणी चुकून आलं तर त्याला अडवतात. आम्ही सगळे घरात मांडी घालून बसलो होतो. लाउतोआ गाण्यांचं पुस्तक उघडत होता. तालिता माझ्या शेजारी होती. सकाळपासून ती पाण्याखेरीज काही प्यायली नव्हती.

रस्त्यावरून फेतू आजी काठी टेकत येत होती. ओळीतल्या एकाही पोरानं तिला अडवलं नाही. सगळे समोर बघत उभे राहिले, ती दिसतच नसल्यासारखे. ती आमच्या ओट्याशी आली आणि तालितासमोर थांबली. शिवी दिली नाही, रडली नाही.

"सकाळी सगळ्या गावानं ऐकलं म्हणतात," ती म्हणाली. "मीच तेवढी नव्हते तिथे. म्हणून आले. पोरी, माझी आई कोण होती?"

तालिता उठून गुडघ्यांवर बसली. तिचं तोंड उघडलं. रस्त्यावरच्या पोरांनी माना वळवल्या. ती काय म्हणणार होती ते मला आजही माहीत नाही.

लाउतोआनं गाणं सुरू केलं. नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. दुसऱ्या ओळीला पोरंबाळं लागली, मग मी लागले. मला लाज वाटत होती आणि मी गात होते. फेतू आजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, आम्ही थांबायची वाट बघत. आम्ही पहिलं कडवं संपवलं आणि न थांबता दुसरं घेतलं.

तिसऱ्या कडव्याला तालिता परत मांडी घालून बसली आणि गायला लागली. तिचा आवाज आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे. तो रस्त्यापर्यंत नीट ऐकू गेला असणार.